आंब्याच्या खोडावरचं रान

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरामागे एक जुना आंबा आहे. त्याच्या खोडावर राखाडी, पिवळट, मधूनच नारिंगी असे गोल गोल डाग होते. काळ्या मसाल्यात आपण दगडफूल घालतो ना, त्याच्याच गोतातलं ते; फक्त हे सालीला इतकं चिकटलेलं की नखानंही निघू नये. पाऊस पडून गेला की डाग हिरवट व्हायचे, उन्हानं वाळले की पुन्हा राखेच्या रंगाचे. भांडी घासता घासता मी त्यांच्याकडे बघत राहायचे आणि नळ वाहत राहायचा. लागली हिची समाधी, म्हणून नवरा चिडवायचा.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. करमाडकडचं त्यांचं रान कारखान्यांसाठी गेलं तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांची खाट मागच्या खिडकीशी होती. समोर ते खोड. सकाळी चहा दिला की ते विचारायचे, "वाढलं का गं ते?" मी म्हणायचे, थोडंसं वाढलंय. मग ते दिवसभर तिकडेच बघत पडून राहायचे. कधी एक बोट हवेत हळूहळू फिरायचं, ओठ हलायचे. झाडाला रोग लागलाय याचाच त्यांना घोर लागला असणार, असं मला वाटायचं.

मी मोसंबीच्या बागवाल्या घरची लेक. खोडावर डाग दिसला की घासायचा आणि मोरचूद-चुन्याचा लेप द्यायचा, हे माहेरी डोळे मिटून चालायचं. एका सकाळी नवरा मामांना तपासायला दवाखान्यात घेऊन गेला आणि मी पदर खोचला. काथ्यानं खोड घासलं, हात पोचेल तिथवर लेप चोपडला. झाड निळसर-पांढरं, नवरदेवासारखं दिसायला लागलं. मी इतकी खूश झाले की शिराही केला.

दवाखान्यातून आल्यावर मामांना खाटेवर निजवलं. ते खिडकीबाहेर बराच वेळ बघत राहिले.

"बांध कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. मग त्यांनीच सावकाश सांगितलं. पिवळं होतं ती करडई, राखाडी ती मोकळी जमीन, नारिंगी काठ म्हणजे बांध, आणि काळ्या ठिपक्यांचा गोल ती विहीर. करडई बांधापर्यंत आली का, एवढंच ते रोज मला विचारत होते. दोन वर्षं ते पडल्या पडल्या तिथं फिरून येत होते आणि मी त्यांचं रान काथ्यानं घासून काढलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी शिरा खाल्ला आणि चांगला झालाय म्हणाले.

लेप पुरला नव्हता म्हणून खोडाची पलीकडची बाजू घासायचीही तशीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून तिकडे नेलं. ऊन कोवळं होतं. तिथंही पिवळं होतं, राखाडी होतं. ही बघा करडई, हा बघा बांध, मी घाईघाईनं दाखवत सुटले. त्यांनी सालीवर हात ठेवला. बोटं बराच वेळ फिरत होती.

"पीक चांगलं हाय," ते म्हणाले. "पण हे शेजाऱ्याचं रान हाय, पोरी. आपलं नाय."

आणि त्यांनी हात काढून घेतला.