एकाच कोटाच्या दोन किमती

हॉलंडहून परत येऊन तीन आठवडे झाले होते. हडपसरच्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये मैत्रिणीनं मला तिचं कार्डाचं बिल दाखवलं आणि समोरचे पोहे मला जाईनात.

कंपनीनं आम्हा दोघींना तीन महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं. शेवटचे पंधरा दिवस मी आईला बोलावून घेतलं. आईनं उमेदीची सगळी वर्षं मेथी-पालकाच्या जुड्या मार्केट यार्डात नेऊन विकण्यात घालवलेली. तिकडे गेल्यावर कुठल्याही दुकानात ती आधी विचारायची, "रुपयात किती होत्यात?"

दुकानातल्या मशीनला कार्ड लावलं की पडद्यावर दोन आकडे यायचे, एक युरोत आणि एक रुपयांत. हवा तो निवडायचा. मी रुपये निवडायची. आईला लगेच उत्तर देता यायचं, आणि मलाही आपल्या पैशांत दिलं म्हणजे बरं, असं वाटायचं. पंधरा दिवस, प्रत्येक दुकानात मी तेच केलं.

एका शनिवारी मी आणि मैत्रिणीनं आपापल्या आईसाठी एकाच दुकानातून एकसारखे लोकरी कोट घेतले. ऐंशी युरोला एक. रांगेत ती माझ्या मागेच उभी होती.

त्या कोटाचे तिच्या बिलात सात हजार दोनशेच्या आसपास लागले होते. माझ्या बिलात सात हजार सातशे साठ.

"तुझा कोट वेगळा होता का?" तिनं विचारलं.

"नाही गं. तू होतीस ना तिथं."

"मग तू रुपये दाबलेस."

ती शनिवार पेठेतली. बोलणं मोजकं. तिनं माझा फोन घेतला आणि बिल वरपासून खालपर्यंत वाचलं. रुपयांचा भाव त्या मशीनवाल्यांनी स्वतः ठरवलेला होता, त्या दिवसाच्या भावापेक्षा युरोमागे सात रुपये चढा. शिवाय परदेशातला व्यवहार म्हणून माझ्या बँकेनं त्यावर आपलं शुल्क लावलं होतं, आणि त्या शुल्कावर कर. रविवारच्या बाजारासाठी मी क्रेडिट कार्डानं रोख काढली होती. तिथे काढण्याचं शुल्क वेगळं आणि त्याच दिवसापासून व्याज. सगळं मिळून अकरा हजारांच्या वर जादा गेले होते. बँकांसाठीच सॉफ्टवेअर तपासण्याचं काम मी सात वर्षं करत होते.

आईला सांगायचं नाही असं ठरवून मी घरी गेले. तिनं चेहरा बघितला आणि भाकरी थापायची थांबली. मग सांगावंच लागलं.

"म्हंजी मी इचारत व्हते म्हणून तू ते दाबत व्हतीस?"

"नाही आई. मला सोयीचं वाटलं म्हणून."

तिनं परात बाजूला सारली. मग म्हणाली, "यार्डातला आडत्या हमाली कापतो, तोलाई कापतो, पर हिशेबाच्या पट्टीवर लिहून देतो. ह्यांनी लिहूनबी दिलं न्हाई?"

मी पर्समधल्या पावत्या काढल्या. कोटाच्या पावतीवर तळाशी बारीक अक्षरात भाव छापलेला होता, आणि मला निवड दिली होती व मी ती मान्य केली आहे, असं वाक्यही. पिनही मीच दाबलेला. फसवलं म्हणावं तर कुणी?

दुसऱ्या दिवशी बँकेत निघाले तेव्हा आईही पदर खोचून निघाली. शाखेतले अधिकारी निवृत्तीला आलेले होते.

"मशीननं तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"तुम्ही हो म्हणालात?"

"हो."

"मग आता आम्ही काय करावं, असं आपलं म्हणणं आहे?"

तेवढ्यात आईनं खुर्ची पुढे ओढली. "साहेब, तुमी सोता परदेशी गेला तर काय करता?"

चष्मा काढून त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मुलीकडे जाताना ते आधीच त्या देशाचं चलन भरलेलं कार्ड नेतात. मशीनवर नेहमी तिथलंच चलन निवडतात. क्रेडिट कार्डानं रोख कधीच काढत नाहीत, आणि त्या चलनाच्या कार्डानं काढली तरी एकदाच, लागेल तेवढी. त्यांनी ते एका कागदावर लिहूनही दिलं. मात्र एक रुपयाही परत मिळाला नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा तिकडे गेले, एकटीच. स्टेशनजवळच्या दुकानात गल्ल्यावरच्या बाईनं मला न विचारताच रुपये निवडले आणि हसून मशीन माझ्यापुढे केलं. आकडा बघताच मी मशीनमधलं कार्ड काढून घेतलं आणि व्यवहार रद्द करायला सांगितलं. मागे सहा-सात माणसं ताटकळत होती. तिला वाटलं माझ्याकडे पैसे नाहीत. तिनं पिशवीतला माल बाहेर काढायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं, मशीनकडे बोट करून पैसे युरोत घ्यायला सांगितलं आणि ती सगळं पुन्हा पहिल्यापासून करेपर्यंत तिथंच उभी राहिले.