दगडाचा शंख

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. कुणी वाचलंच तर माफ करावं, शाळा चौथीतच सुटली.

आज चाकणला कामावरून येताना एका फाउंड्रीतून जळक्या मातीचा वास आला आणि यांची आठवण झाली. हे चिंचवडच्या फाउंड्रीत साचे करायचे. बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमची सुनीता कॉलेजातून दगडाचा शंख घेऊन आली.

"बाबा, हा करोडो वर्षांपूर्वीचा आहे. आतला जीव मेला, शंखही विरघळला. चिखलात पोकळी राहिली, ती भरून हा दगड झाला."

यांनी काळ्या बोटांनी तो फिरवून पाहिला. "अगं, आम्हीपण मातीत लाकडी पॅटर्न दाबून काढतो आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओततो. तेव्हा फाउंड्री कुणी काढली होती?"

आम्ही खूप हसलो. तो जीव कसा दिसत असेल, हे मला विचारायचं होतं, पण लाजेनं राहून गेलं.

असे शंख बघायला कॉलेजची सहल जाणार होती. यांनी शेजारच्या शमीमभाभींकडून परत करायच्या बोलीवर तीन हजार आणले. "जा, आणि आल्यावर सगळं मला सांग."

चौथ्या दिवशी ती परतली, तेव्हा आमच्या दारात माणसं जमली होती. हे कामावरच कोसळले होते. सहलीत तिनं काय पाहिलं, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

इतकी वर्षं भाभी पैसे परत घेतच नव्हत्या. "राहू दे गं, भाईजान काय परके होते?"

आज मी म्हटलं, "भाभी, शब्द यांनी दिला होता."

त्यांनी डोळे पुसले आणि तीन हजार घेतले. सगळे फिटले.