उडी माझी, फर्मा दुसऱ्याचा

नात बुलढाण्याला कॉम्प्युटर शिकते आणि शनिवारी एसटीनं धाड गावी माझ्याकडे येते. मागे एकदा तिनं स्वतः बनवलेला गेम दाखवायला आणला. त्यात नऊवारीतली एक म्हातारी आठवडी बाजारातून पळते आणि आडव्या येणाऱ्या बकऱ्यांवरून उड्या मारते. म्हातारी कोण हे विचारायची गरज नव्हती. कमरेला माझीच पानाची चंची होती.

"नाक बरं काढलं तू," मी म्हटलं. "पण माझी उडी अशी राहते का? कापसावानी तरंगून राह्यली."

तिचं तोंड उतरलं. सोमवारी गेम वर्गात दाखवायचा होता आणि उडी तिची नव्हतीच. पळणं, पडणं, उडी, सगळे तुकडे इंटरनेटवर तयार मिळतात. तिनं ते आणून नुसते जोडले होते. "जड करायले गेली तं म्हातारी जमिनीतून खाली गेली. सरांनी विचारलं उडी कशी चालते, तं काय सांगू? मले नाही दाखवायचा गेम."

मला हसू आलं.

"काऊन हसून राह्यली, आजी?"

मग सांगावंच लागलं. लग्न होऊन आले तेव्हा मी गावभर सांगितलं होतं की मला शिवण येतं. येत होतं काय, तर मावशीनं दिलेला ब्लाउजचा एक कागदी फर्मा कापडावर ठेवून खडूनं गिरवणं. पहिल्या वर्षी माझ्याच मापाच्या बायका आल्या, म्हणून माझा तोरा वाढला. मग नणंदेच्या लग्नाचा ब्लाउज आला. नणंद दंडानं भरलेली. बाही कोपराच्या वर जाईना. आणि मी शहाणी म्हणते कशी, "सध्या अशीच फॅशन आहे." सासूबाईंनी मला ब्लाउजसकट बाजारातल्या टेलरचाचांपुढे नेऊन उभं केलं.

चाचांनी फर्मा उलटसुलट पाहिला. "कागद तं लय हुशार हाय, बेटी. तू काय शिकली?" मग महिनाभर कैचीला हात लावू दिला नाही. त्यांच्या चारही लेकींची मापं घ्यायची, पाटीवर लिहायची आणि पुसायची. नणंद मात्र मांडवात चाचांनीच शिवलेला ब्लाउज घालून बसली.

नातीनं रविवारी सकाळी ती तयार उडी पुसून टाकली. म्हातारी दर क्षणाला किती वर जाईल आणि जमीन तिला किती खाली ओढेल, हे ती स्वतः लिहायला बसली. पहिल्यांदा मी आभाळात गेले ती आलेच नाही.

"आजी गेली," ती म्हणाली.

"परत आण माय. चहा राह्यला माझा."

दुपारपर्यंत मी दोनदा गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतले. शेवटी मीच ओट्याच्या खालच्या पायरीवरून उडी मारून दाखवली: धप्पकन, गुडघे वाकवून, एक हात कमरेवर. ती ओरडली, मग पुन्हा मारायला लावली. संध्याकाळी पडद्यावरची म्हातारी अगदी तशीच पडली, कमरेवर हात ठेवून.

सोमवारी फोन आला. सरांनी उडीचंच विचारलं होतं आणि हिनं फळ्यावर काढून सांगितली.

"अन् बकऱ्या?"

"बकऱ्या तयार आणल्या म्हटलं. खरं तेच सांगितलं."

"बरं केलं. बटणांची काजं मीही बाहेरूनच करून घेते. पण त्या म्हातारीची बाही दंडात तंग झाली. शनिवारी ये, माप देते."