आदेशात मुलीचा उल्लेख नव्हता

न्यायालयाच्या आदेशाचे पालन म्हणजे काय, हे उभी हयात न्यायालयीन कारकुनीत घालवूनही मला कळले नव्हते. ते निवृत्तीनंतर शेजारच्या घराने शिकवले. आदेश मोडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली होती. आदेश तंतोतंत पाळून माणसाला संपवणारे कुटुंब प्रथमच पाहिले.

शेजारची सून एका दुपारी आमच्या फाटकाशी आली, तेव्हा चार वर्षांची मुलगी तिच्या कमरेवर होती. स्वतःचा डावा कान सुनेने पदराने दाबून धरला होता आणि पदर भिजून लाल झाला होता. मी लगेच टेबलाकडे वळलो.

“आधी पाणी द्या तिला,” पत्नी म्हणाली. “कागद कुठं पळून चाललाय?”

तिचा नवरा दारू पीत नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो, कारण लोकांना ती सबब फार सोयीची वाटते. जवळा बाजार या गावी आडतीवर कामाला जाणारा, वाटेत भेटला की वाकून नमस्कार करणारा माणूस. घरी येई, दार लावी आणि मारी.

पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने तिच्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

“तुमी कोण हिचे?”

“शेजारी.”

“माहेरचं कोणी न्हाई का? मग शेजाऱ्यासारखं ऱ्हावा की, काका.”

कौटुंबिक हिंसाचाराची खबर कोणतीही व्यक्ती देऊ शकते, त्याला नाते लागत नाही, हे मी त्याला कायद्याच्या शब्दांत ऐकवले. त्याने शांतपणे मान डोलावली. “तुमचं बराबर हाय. पण उद्या ही आपल्या पायानं परत गेली, तर मंग आमाला पत्र लिहू नका म्हंजे झालं.”

मी तिथेच उभा राहून वरिष्ठांना पत्र लिहिले. दवाखान्यात तपासणी झाली. तालुक्याच्या संरक्षण अधिकारी मॅडम दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या. त्यांच्याकडे गाडी नव्हती आणि दोन तालुक्यांचा भार होता. तरीही त्या बाईंनी घाई केली नाही. जमिनीवर तिच्याशेजारी बसून विचारले, “निवाऱ्याला हिंगोलीला जातेस का? की माहेरी?”

माहेर सिद्धेश्वरच्या धरणाकडे. भाऊ फोनवर म्हणाला होता, आठ दिवस ये, बाई; मंग पाहू. त्या ‘मंग’चा अर्थ तिला ठाऊक होता.

“मी काहून जाऊ?” ती म्हणाली. “ते घर माझं बी हाय.”

मला तेव्हा झालेला आनंद आज आठवला की अंगावर काटा येतो. कायदा नेमका हेच म्हणतो, आणि जन्मात प्रथमच कायद्याचे वाक्य न वाचलेल्या माणसाच्या तोंडून मी ते ऐकत होतो. अर्ज दाखल झाला. मारहाणीला मनाई, आणि सासरच्या घरात एक स्वतंत्र खोली, तिथे कोणी उपद्रव द्यायचा नाही, असा अंतरिम आदेश मिळाला. मुलीबद्दल कोणी काही मागितले नाही. मुलगी तिच्या कमरेवरच होती. जे हातात आहे ते कोण मागतो?

तिच्या सासऱ्यांनी न्यायालयाच्या पायरीवर माझ्यापुढे हात जोडले. “कायद्याच्या बाहेर आमी न्हाई, साहेब.”

त्यांनी शब्द पाळला. गल्लीकडे दार असलेली खोली तिला दिली आणि आतल्या दाराच्या चौकटीत विटांची भिंत बांधून घेतली. भिंत चढत होती तेव्हा मुलगी आजीजवळ झोपलेली होती. ती पलीकडेच राहिली.

नळ पलीकडे, विजेचा खटका पलीकडे, संडासही पलीकडे. मी अर्ज केला. मॅडम पुन्हा एसटीने आल्या. त्यानंतर तिच्या उंबऱ्याबाहेर रोज एक घागर ठेवली जाऊ लागली, छतातून एका दिव्याची वायर आली, आणि संडासला आमच्याकडे येण्यास कोणाची हरकत नव्हती. तिला कोणी बोट लावले नाही. तिच्याशी कोणी बोललेही नाही. न बोलणे हा उपद्रव आहे काय, हा प्रश्न मी तीन कार्यालयांना विचारला आणि त्यांनी तो एकमेकांकडे पाठवला.

तिच्या सासूबाई मात्र माझ्याशी अंगणातून मोकळेपणी बोलत. “काका, तुमच्या हुकमात मिठाचं काही लिव्हलंय का? बघून सांगा. उगं आमच्या हातून गुन्हा व्हायला नगं.”

मुलीच्या ताब्याचा अर्ज दाखल केला, तो पडून राहिला. एका तारखेला त्यांचे वकील आजारी, एकीला न्यायाधीश रजेवर, मग त्यांची बदली. मी स्मरणपत्रे लिहिली. माझ्या हयातीतली सर्वांत निर्दोष पत्रे असतील ती. दरम्यान एका सकाळी मुलगी आमच्या फाटकातून पेरू मागायला आली. पत्नीने विचारले, “आईकडं गेलतीस का गं?”

“न्हाई. आजी म्हंती तिकडं जायाचं न्हाई. तिथं कोर्ट ऱ्हातंय.”

तिची आई तेव्हा आमच्याच स्वयंपाकघरात पोळ्यांना हातभार लावत होती. तिने ते ऐकले. मुलगी पेरू घेऊन पळाली.

दोन-तीन दिवसांनी सून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “काका, अर्ज लिहून द्या. केस मागं घेते.”

मी संतापलो. तिच्यावर नव्हे, पण ऐकावे तिलाच लागले. पुढच्या तारखेला ताबा मिळण्याची पुरेपूर शक्यता आहे, असे मी बजावले.

“त्या तारखेला पोरगी वळखंल का मला?”

“आणि त्याने पुन्हा हात उगारला तर?”

“उगारंल की.” ती भिंतीकडे पाहून बोलत होती. “मार कवा तरी थांबतो, काका. हे थांबत न्हाई.”

पत्नीने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहायला घेतले आणि ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’ या शब्दांपाशी अडलो.

“लिवा,” ती म्हणाली. “त्याबिगर घेत न्हाईत ना?”

घेत नाहीत. मी लिहिले.

नव्या न्यायाधीशांनी तिला तेच शब्द प्रश्नरूपाने विचारले, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा विचारले. त्यांना दोष देता येत नाही. ती प्रत्येक वेळी हो म्हणाली. मी मागच्या बाकावर होतो. पक्षकार नव्हतो, वकील नव्हतो, साक्षीदार म्हणून कोणी बोलावले नव्हते. त्या खोलीत तोंड उघडण्याचा मला कसलाच अधिकार नव्हता, आणि हे माझ्याइतके तिथे कोणालाच ठाऊक नव्हते.

बाहेर व्हरांड्यात तिने मुलीपुढे हात केले. मुलगी हलली नाही. तिने मान वळवून आजीकडे पाहिले.

“जा गं,” आजी म्हणाली. “आता हुकूम ऱ्हायला न्हाई.”

मुलगी गेली.