झमरोनी उस्ताद विचारतच नाहीत

आमचे हे, मुस्ताजब गुरुजी, गावच्या मदरशात पहिलीला शिकवतात. अल्लाच्या कृपेने मुलं पुष्कळ; पगार मात्र दानपेटीच्या मर्जीवर. तिकडे तेमांगुंग शहरातल्या सरकारी शाळेत यांची निवड झाली तेव्हा मी शुक्राची, म्हणजे आभाराची, नमाज पढले. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. राहिलं होतं एकच, मदरसा ज्यांनी उभा केला त्या म्हाताऱ्या झमरोनी उस्तादांचा निरोप घेणं.

आमच्याकडे थोरांच्या घरी जाऊन कोणी एकदम कामाचं काढत नाही. चहा प्यायचा, तंबाखूच्या पिकाचं बोलायचं, आणि थोरांनी “काय काम काढलंत?” म्हटलं की मग तोंड उघडायचं. उस्तादांच्या कानावर बातमी केव्हाच गेली होती. ते विचारीनातच.

हे गेले, ते पहिलीच्या वर्गाची गळकी कौलं शाकारायचं कबूल करून आले.

“अहो, निरोप?”

“त्यांनी विचारलंच नाही. मधेच कसं बोलायचं?”

परत गेले, ते मुलांच्या डफपथकाचे प्रमुख होऊन आले.

“निरोप घेताय की पदं गोळा करताय?” मी म्हटलं. “तुम्हाला जायचंय ना नक्की?”

हे कोंबड्यांना दाणे टाकायला उठले.

शुक्रवारी डोक्यावरचा रुमाल घट्ट करून मीच निघाले. उस्तादांनी स्वतः चहा ओतला, तळलेली केळी पुढे केली.

“सूनबाई, तुझ्या नवऱ्याचा आवाज इथपर्यंत येतो. पोरं अलिफ-बे सुरू करतात, तेव्हा मी माझी गोळी घेतो.”

“घड्याळ आहे की भिंतीवर, बाबा.”

“आहे. पण ते चुकलं, तर त्याच्याकडून परत बरोबर म्हणवून घ्यायला कोणी गुरुजी नाही ना.”

मी वाट पाहत राहिले. पेला रिकामा झाला की ते भरत. केळी संपली. त्यांनी काही विचारलं नाही.

घरी आले तेव्हा माझ्या काखेत मदरशातल्या पोरांच्या बटणं तुटलेल्या सदऱ्यांचं गाठोडं होतं.

“विचारलं का?” हे म्हणाले.

“सुई कुठे ठेवलीय?”

पढलेली आभाराची नमाज परत घ्यायची सोय आमच्या धर्मात नाही. मी ती मदरशाच्या खाती जमा धरली.

शनिवारी ऊन उतरलं तेव्हा हे मदरशाच्या कौलांवर होते, मी खाली बटणं लावत होते. उस्ताद काठी टेकत आले, वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “गुरुजी, परवा तुम्ही काही काम काढलं होतंत का?”

“छे, बाबा,” हे वरून म्हणाले. “सहज आलो होतो.”