गिझरखालची पोकळ टाइल

चार टाइल्स बोटाने वाजवल्या. तीन टाइल्सचा आवाज भरीव आला, चौथीचा पोकळ. खाली सिमेंट नीट भरलं नसलं की असा आवाज येतो. तिच्यावर पाण्याने भरलेला गिझर उभा केला तर ती तडकणारच.

साठच्या दशकातली दुबई. मी रत्नागिरीहून आलेला चोवीस वर्षांचा प्लंबर. घराच्या जुन्या दगडी भिंतींना वजन पेलवत नव्हतं, म्हणून घरमालक अरब शेठनी जमिनीवर उभा राहणारा गिझर मागवला होता. मी गरम पाण्याचा नळ जन्मात पाहिला नव्हता आणि आता तो मीच बसवणार होतो. आदल्या रात्री झोप आली नव्हती.

शेठ मुंबईला जाऊन-येऊन असायचे, हिंदी चांगलं बोलायचे. त्यांची आई गुडघ्यांवर उपचार घेऊन मुंबईहून बोटीने निघाली होती. चार दिवसांत पोचणार होती.

"टाइल इटली की है," शेठ म्हणाले. "एक्स्ट्रा एक भी नहीं. टूटी तो काम खलास."

ते गेल्यावर फोरमन दाऊदभाई म्हणाले, "ठेव वर. आज उरकून टाकू."

"दाऊदभाई, आत पोकळ आहे. उचलून परत बसवतो."

"उचलताना फुटली तर?"

"मी फोडली म्हणून सांगा."

हॅक्सॉच्या पात्याने मी चारी बाजूंचे सांधे कोरत गेलो. दोन तास लागले. मग दोन थाप्या खाली सारल्या आणि श्वास रोखून वर दाबल्या. टाइल अख्खी हातात आली. खाली वाळूच होती. ती काढून सिमेंटचा माल भरला, टाइल बसवली आणि दोन दिवस तिथे कुणाला पाय ठेवू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी गिझर उभा केला. आधी टाकी भरली, कारण कोरड्या टाकीत कॉइल जळते. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. आतली हवा फुरफुरत निघून गेली, धार सलग झाली, तेव्हा नळ बंद करून स्विच दाबला. तासाभराने नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. मी आणि दाऊदभाई एकमेकांकडे बघून लहान पोरांसारखे हसत सुटलो.

चौथ्या दिवशी म्हातारी आली. काठी टेकत न्हाणीत गेली, नळाखाली हात धरून उभीच राहिली. मग तिने घरातल्या सगळ्यांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाचा हात धारेखाली धरला.

शेठनी दाऊदभाईंची पाठ थोपटली. दाऊदभाई पुढे प्रत्येक नव्या प्लंबरला सांगायचे, "टाइल आधी वाजवून बघायची, ही माझी पद्धत."

नोकरीत एवढं कळलं: फुटली असती तर माझी होती, टिकली ती फोरमनची.