काई नाई, असाच धावून राह्यलो

आमच्या भागात उगीच कोणी धावत नाही. आलापल्लीहून अहेरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. तिथे माणूस धावताना दिसला की बघणाऱ्याला दोनच गोष्टी सुचायच्या. एक तर बस सुटली असेल, नाहीतर मागे काहीतरी लागलं असेल. सकाळची बस एकच होती आणि तिची वेळ सगळ्यांना पाठ होती. त्यामुळे पोलीस भरतीसाठी भलत्या वेळी धावणारा मी गावाला पहिल्यापासूनच जरा संशयास्पद वाटायचो.

त्यात माझा पाय मोडला. कसा मोडला ते सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा फार वाटायची. नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. पावसाळ्यात रोवणा चालू होता. आमच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, बाबांसोबत दहा-बारा बाया वाकून धान लावत होत्या आणि मी त्यांना पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या आणून देत होतो. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नीट चालत येता आलं असतं. पण बाया बघत होत्या, आणि जिल्ह्यात आपल्याइतकं चपळ कोणी नाही असा माझा समज होता. मी धुरा उडी मारून ओलांडला. उडी फार सुंदर झाली, उतरणं तेवढं जमलं नाही. डावा पाय चिखलात रुतून जागेवरच राहिला आणि उरलेला मी पुढे गेलो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबांनी अहेरीत वेगळंच सांगितलं. पोराच्या मागे म्हणे अस्वल लागलं होतं. आमचे बाबा तलावात जाळं टाकणारे, मितभाषी गृहस्थ. ते खोटं बोलतील असं कोणाला वाटलंही नाही. दोन-तीन बाजार होईपर्यंत त्या अस्वलासोबत पिल्लं आली, आणि मी ते काठीने परतवून लावलं असंही लोक सांगू लागले. पोरगा धुऱ्यावरून पडला हे सांगायची बाबांना लाज वाटली असणार, असं मी मनात धरलं. मी त्यांना त्याबद्दल काही विचारलं नाही. खाटेवर पडल्या पडल्या मला ते अस्वल आवडूही लागलं होतं.

पाय चार-पाच महिन्यांत बरा व्हायचा, पण तसं व्हायला मी शहाणा असायला हवा होतो. दिवाळीनंतर शेजारच्या गावात मंडईची जत्रा होती, नाटक होतं. प्लास्टरसकट मी ते बघायला गेलो आणि नुसतं बसून न राहता खुर्च्या लावायलाही मदत केली. जुळत आलेलं हाड सरकलं. पुन्हा चंद्रपूरचा दवाखाना, पुन्हा प्लास्टर, मग काठी, मग लंगडणं. असं करता करता पावणेदोन वर्षं गेली. डॉक्टरांनी अखेर हळूहळू धावायला हरकत नाही म्हटलं, तोवर भरतीची जाहिरात लागली होती. वयात बसणारी ती माझी शेवटची भरती होती. मध्ये पुरते तीन महिनेही नव्हते. या वेळी पाय चालला तर चालला, नाहीतर वर्दीचा विषय संपला.

मी धावायला पुन्हा सुरुवात केली ते दिवस मोहफुलांचे होते. त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे गावात कोणी सापडत नाही. ज्याचं त्याचं मोहाचं झाड ठरलेलं असतं. झाडाखालचा पालापाचोळा आधीच साफ केलेला असतो. घरची माणसं टोपल्या घेऊन तिथे बसतात, नाहीतर फुलं गुरं खातात किंवा अस्वल खातं. अस्वलाला मोह किती आवडतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे मलाही ठाऊक होतं. पण पहिल्या पहाटे माझं सगळं लक्ष स्वतःच्या पायाकडे होतं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोपल्याच टोपल्या होत्या. मी लंगडत, धापा टाकत, तोंड वेडंवाकडं करत त्यांच्यामधून निघालो. ज्याच्या मागे एकदा अस्वल लागलं होतं तोच माणूस पुन्हा जीव खाऊन धावत येतोय, एवढंच लोकांना दिसलं. मागे काय आहे ते बघायला कोणी थांबलं नाही. टोपल्या तिथेच टाकून सगळा मोहल्ला गावाकडे पळाला. आमच्या शेजारची म्हातारी गुडघे दुखतात म्हणून वर्षभर कण्हत असायची. ती मला मागे टाकून पुढे गेली. एवढे सगळे पळताहेत तर खरंच काहीतरी असेल, असं वाटून मीही जोर लावला. पावणेदोन वर्षांनंतरची माझी सगळ्यात चांगली धाव ती.

लोक परत गेले तोवर गावच्या गायी-बकऱ्यांनी पोटभर मोह खाऊन घेतला होता. तासाभरात आमच्या अंगणात माणसं जमली.

"अस्वल कुठी हाये ते सांग," शेजारची म्हातारी म्हणाली.

बाबा जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. सगळ्यांसमोर मलाच सांगावं लागलं, की आजही अस्वल नव्हतं आणि तेव्हाही नव्हतं. मी धुऱ्यावरून उडी मारली होती.

 रोवण्याला आलेल्यांपैकी एक बाई शांतपणे म्हणाली, "आमाले तं माईतच होतं. आमच्या पुढ्यातच तं पडला तू."

दहा-बारा बायांनी पावणेदोन वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली होती. बाबांनी म्हणे एकेकीच्या घरी जाऊन तशी विनंती केली होती. गोष्ट गावात कुठेही फुटली नाही, पण आपसात मात्र प्रत्येक हंगामात त्यांनी माझी उडी करून दाखवली होती. हे ऐकून अस्वलानेच खाल्लं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

शेवटी असं ठरलं की मी धावावं, पण ज्या झाडाजवळून जाईन तिथे ओरडून सांगावं. तेव्हापासून रोज पहाटे मी "काई नाई जी, असाच धावून राह्यलो" असं म्हणत जाऊ लागलो. दर पन्नास पावलांवर एक झाड. धाप लागलेली असताना हे वाक्य पुरं करणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच कळेल. वर प्रत्येक झाडाखालून काहीतरी उत्तर यायचं. कोणी विचारायचं, "असाच म्हंजे कसाच?" कोणी सांगायचं, "डावा पाय मांगं राह्यला रे, घेऊन जा." पण माझी छाती सुधारली, हे खरं आहे.

बाबा सायकल घेऊन मागे येऊ लागले. बोलायचे नाहीत, पुढेही जायचे नाहीत. सायकलची साखळी करकरत राहायची आणि मी थांबलो की तीही थांबायची. पाय दुखला म्हणून एकदा मी किलोमीटरच्या दगडावर बसलो. मनात साचलेलं त्या दिवशी बाहेर आलं.

"बाबा, लोकाईले अस्वल काऊन सांगतलं तुमी? माही एवढी लाज वाटे काय तुमाले?"

त्यांनी सायकल दगडाला टेकवली.

"तुही लाज कायले वाटन, बाबू," ते म्हणाले. "मीच हाक मारली होती तुले. पऱ्हे सरले, लवकर आन म्हनलो, म्हनून तं उडी मारली तू. कोनी पुसलं का कसा पडला, तं मले ते सांगनं होत नोतं."

मला त्यांची हाक ऐकूच आली नव्हती. मी तसं सांगितलं, शपथ घेतली. बायांसमोर मिरवायला उडी मारली होती हेसुद्धा सांगितलं, आणि बापाला हे सांगणं काही सोपं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या समाधानासाठी मी खोटं बोलतोय असंच त्यांनी धरलं. मला फार वाईट वाटलं. मी उठलो आणि त्या दिवशीचं अंतर पूर्ण धावलो.

गडचिरोलीच्या मैदानावर भरतीला हजारो पोरं होती. मी पाच किलोमीटर धावलो. तिसऱ्या फेरीनंतर पाय ठणकायला लागला, पण शेवटपर्यंत चालला. पहिल्या पोरांत मी नव्हतो, अगदी शेवटच्यांतही नव्हतो. कुंपणाबाहेर आलो तर बाबा पुढे झाले. किती वेळ लागला, कितवा आलो, काही विचारलं नाही. मला खाली बसवलं, बूट काढला, आणि एवढ्या पोरांसमोर माझं पाऊल मांडीवर घेऊन घोट्याचं हाड अंगठ्याने चाचपू लागले.

"दुखते?"

"नाई."

"इथी?"

"नाई, बाबा. लोक पाहून राह्यले."

त्यांनी पाऊल सोडलं नाही. ते रडत होते आणि मी इकडे तिकडे बघत पाय ओढून घ्यायचा प्रयत्न करत होतो.

यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं. मी महिनाभर कोणाशी धड बोललो नाही, जेवणावर राग काढला. बाबा मात्र रोज जाळं घेऊन तलावावर जात, येताना वाटेत सगळ्यांशी बोलत, दोन घास जास्त जेवत. पोराचं आयुष्य वाया गेलं आणि बाप मजेत आहे, याचा मला मनापासून संताप यायचा. एकदा ते शेजाऱ्याला सांगत होते, "भरतीत नाई लागला. पाच किलोमीटर धावला पन." मी आतून दार आपटलं.

आता माझी मुलगी सायकल शिकते. मागून धरायला मी असतो. ती पडली आणि उठून चालू लागली की मी आधी तिचा पाय बघतो. यादी लागल्यानंतर महिनाभर बाबांकडे ज्या नजरेने मी पाहत होतो, ती आठवून आजही मान खाली जाते.